शंभर वॅटचा इतिहास

इतिहास म्हटला की आपल्याकडे घोडा लागतो. घोड्यावर कोणीतरी बसलेला लागतो आणि त्याच्या हातात उपसलेलं काहीतरी लागतं. ज्या प्रकरणात कोणी कोणावर चालून गेलं नाही, तह झाला नाही, निदान एखादा बुरूज तरी ढासळला नाही, त्याला इतिहास म्हणायला आपले मास्तर तयार होत नाहीत. या हिशेबानं आमचं मांजरसुंबा अगदीच कोरडं. नगरजवळ याच नावाचं दुसरं ठिकाण आहे, त्यांच्याकडे गड आहे. आमच्याकडे घाट आहे. बीडहून सोलापूरला निघालात की पाली मागे पडल्यावर गाडी दम खात चढू लागते, आणि चढ संपून ड्रायव्हरनं गिअर बदलला की हॉटेलांचं आणि सीताफळांच्या पाट्यांचं जे गाव लागतं, ते आमचं. एक रस्ता सोलापूरला, एक पाटोद्याकडे, एक नेकनूर-केजवरून अंबाजोगाईला. सगळे रस्ते इथं येतात आणि सगळे इथून निघून जातात. थांबतं कोण? ज्याला चहा प्यायचाय तो, आणि ज्याची एसटी चुकली तो.

अशा गावच्या माणसानं इतिहास लिहायचा म्हणजे विषय बेतानं निवडावा लागतो. म्हणून मी निवडलाय तो दूरदर्शनच्या लघुशक्ती प्रक्षेपण केंद्राचा. नाव भारदस्त आहे. 'लघु' आणि 'शक्ती' हे दोन शब्द शेजारी बसवायला सरकारी भाषांतरकाराचीच छाती लागते. आमच्याकडे त्याला नुसतं 'टावर' म्हणत. शाळेत आम्हा पोरांना 'लघु' हा शब्द एकाच कामासाठी, करंगळी वर करून, माहीत असल्यामुळे बीडला सरकारनं नेमकं कशाचं केंद्र काढलंय याबद्दल बरेच दिवस दोन मतं होती.

मुळापासून सांगायचं तर आपल्या देशात टेलिव्हिजन आला १५ सप्टेंबर १९५९ रोजी, दिल्लीत. प्रयोग म्हणून. आठवड्यातून थोडा वेळ, मोजक्या संचांवर. त्या सुरुवातीच्या दिवसांत आपले पु. ल. देशपांडे तिथं कामाला होते, त्यामुळे मराठी माणसानं या यंत्रावर पहिल्यापासून हक्क सांगायला हरकत नाही. पण हक्क सांगणं वेगळं आणि चित्र दिसणं वेगळं. मुंबईला केंद्र निघालं ते २ ऑक्टोबर १९७२ला. पुढच्या वर्षी सिंहगडावर मनोरा उभारून पुण्याला मुंबईचं चित्र पोचवलं. म्हणजे गड ज्यांच्याकडे, त्यांना टीव्हीसुद्धा आधी. घाटवाल्यांनी थांबावं.

आता तारीख पुन्हा वाचा. २ ऑक्टोबर १९७२. हे साल आमच्याकडे कोणालाही विचारा. टीव्हीचं नाव कोणी काढणार नाही. बहात्तर म्हणजे दुष्काळ. मुंबईत वरळीला दिवे लावून, तोंडाला पावडर लावून मंडळी कॅमेऱ्यापुढे उभी राहत होती, तेव्हा आमच्या आजीपासून ते शाळेच्या शिपायापर्यंत निम्मा जिल्हा रस्त्याच्या कामावर खडी फोडत होता, सुखडी खात होता आणि मिलो नावाच्या तांबड्या परदेशी ज्वारीच्या भाकरी थापत होता. भाकरी थापली की फुटायची. मराठवाड्यातले कितीतरी रस्ते आणि पाझर तलाव त्या एका सालातले. मी नंतरचा, मला हे सगळं ऐकून माहीत. पण घरात बहात्तरचा विषय निघाला की आजी बोलता बोलता हाताचे तळवे उघडून बघायची, जसं काही खडीचे कण अजून तिथं असावेत.

एका राज्यात, एका महिन्यात, या दोन गोष्टी. मी काही टीका करत नाही. मी कॉमर्सचा माणूस आहे. जमा आणि नावे एकाच पानावर समोरासमोर लिहायची एवढंच आम्हाला शिकवलंय.

त्यानंतर आली अवकाशातली भानगड. १ ऑगस्ट १९७५ ते ३१ जुलै १९७६ असं बरोबर एक वर्ष अमेरिकेचा एक उपग्रह आपल्याला वापरायला मिळाला. 'साइट' असं त्या प्रयोगाचं नाव. सहा राज्यांतल्या २,४०० खेड्यांत सरकारनं संच बसवले आणि वर कोंबड्यांच्या खुराड्याला लावतात तसल्या जाळीच्या तबकड्या. सकाळी पोरांसाठी, संध्याकाळी थोरांसाठी. शेती, आरोग्य, थोडंसं गाणंबजावणं. त्यात महाराष्ट्र नव्हता. पण गुलबर्गा, विजापूर, रायचूर हे जिल्हे होते. आता गुलबर्गा म्हणजे आमचा जुना भाऊबंद. निजामाच्या एकाच छपराखाली दोघांनी दिवस काढले, १९४८ साली एकदमच सुटलो, १९५६ साली वाटण्या झाल्या आणि आम्ही मराठीत आलो, ते कानडीत गेले. वाटणीत विहीर कोणाला गेली आणि बांध कोणाला, हे भावकी विसरत नाही. उपग्रह गुलबर्ग्याला गेला हेही आमचे आजोबा विसरले नव्हते. वर्ष संपल्यावर अमेरिकेनं उपग्रह परत नेला हे कळल्यावर मात्र त्यांना जरा बरं वाटलं म्हणतात.

याच काळातली आणखी एक गोष्ट सांगायला हवी, कारण या सगळ्या इतिहासात मला मनापासून आवडणारं पान तेवढंच आहे. गुजरातेत खेडा जिल्ह्यात पीज नावाचं गाव आहे. अमूलच्या लोण्याचा तोच मुलूख. १९७५ साली तिथं एक किलोवॅटचा छोटा प्रक्षेपक बसवला आणि जवळपासच्या सुमारे चारशे गावांत, दूध सोसायट्यांत, पंचायतींत, सहाशेच्या घरात संच ठेवले. अहमदाबादच्या अवकाश केंद्रातली शास्त्रज्ञ मंडळी आणि कार्यक्रम करणारी मंडळी गावोगाव हिंडायची, लोकांना विचारायची, की बाबांनो, तुमची अडचण काय? मग तीच अडचण, त्यांच्याच बोलीत, बऱ्याचदा त्यांच्यातल्याच माणसांना उभं करून दाखवायची. मजुरी कमी मिळते, सावकार नाडतो, पाणवठ्यावर वेगळी रांग का, दारूपायी घर कसं बुडालं. बघणाऱ्याला पडद्यावरचा सावकार ओळखू यायचा, आणि खऱ्या सावकारालाही आपण ओळखू आलो हे कळायचं. कार्यक्रम म्हणावा तर असा! युनेस्कोनं १९८४ साली त्याला ग्रामीण संदेशवहनाचं पारितोषिक दिलं. आणि १९८५ साली ते बंद झालं. प्रक्षेपक मद्रासच्या दुसऱ्या वाहिनीसाठी हलवला. लोकांनी निषेध केला, पण निषेधाला वॅट नसतात. पारितोषिक आणि गाशा लागोपाठच्या वर्षांत मिळावा हे आमच्या खात्यातही घडतं. उत्कृष्ट सेवेचं प्रमाणपत्र आलं की माणूस बदलीची बॅग भरायला घेतो.

इकडे दिल्लीला १९८२ साल उजाडलं. नभोवाणी मंत्री आपले वसंतराव साठे, नागपूरकडचे. टीव्ही रंगीत झालाच पाहिजे असा त्यांचा हट्ट. गरीब देशाला रंग कशाला, असं पुष्कळांनी विचारलं. पण १५ ऑगस्ट १९८२ला लाल किल्ला रंगीत दिसला, नोव्हेंबरात आशियाई खेळ आले आणि वाद आपोआप मिटला. आपल्याकडे खेळ आणि लग्न या दोन गोष्टींपुढे काटकसरीचा मुद्दा टिकत नाही. त्याच वर्षीचा इन्सॅट-१ए हा उपग्रह काही महिन्यांत निकामी झाला. १९८३च्या ऑगस्टमध्ये इन्सॅट-१बी गेला, तो मात्र टिकला. मग सरकारनं ठरवलं, की आता देश झाकून टाकायचा. १९८४ साली काही महिने तर दिवसाला एक या गतीनं प्रक्षेपण केंद्रं निघत होती. दिवसाला एक! आमच्याकडे एसटी स्टँडच्या मुतारीला दार बसायला सहा वर्षं लागली, त्यावरून या वेगाची कल्पना यावी. त्या लाटेत आणि तिच्या मागून येणाऱ्या लाटांत गावोगाव जी केंद्रं उभी राहिली, ती बहुतेक लघुशक्ती. त्यातलंच एक बीडचं.

आता हे केंद्र म्हणजे काय असतं? तुम्हाला वाटेल आत दिवे, कॅमेरे, नटलेली निवेदिका. काही नाही. एक आकाशाकडे तोंड करून बसलेली मोठी तबकडी, एक लोखंडी मनोरा, एका खोलीत दोन-चार कपाटांएवढी यंत्रं, वीज गेली तर डिझेलचं जनित्र, आणि पाळीपाळीनं बसणारे चार-सहा लोक. दिल्लीहून आलेलं चित्र तबकडीनं झेलायचं आणि मनोऱ्यावरून पुढे ढकलायचं. यात केंद्राचं स्वतःचं म्हणणं काही नाही. आमच्या बँकेत आवक-जावक सांभाळणारा कारकून असतो. टपाल आलं, शिक्का मारला, पुढच्या टेबलावर गेलं. पत्रात काय लिहिलंय याच्याशी त्याचा संबंध नाही. लघुशक्ती केंद्र हा दूरदर्शनचा आवक-जावक कारकून. त्यामुळे मला त्याच्याबद्दल पहिल्यापासून आपुलकी आहे.

आणि शक्ती किती? तर शंभर वॅट. मुंबईची ताकद किलोवॅटमध्ये मोजत, आमची वॅटमध्ये. शंभर वॅट म्हणजे तेव्हा ओसरीवर जो पिवळा दिवा लावत तेवढे. एका दिव्याच्या विजेत जिल्ह्याच्या गावाला इंदिराबाईंपासून कपिल देवपर्यंत सगळं दिसायचं, हे खरं तर कौतुकच. पण दिव्याचा उजेड जसा ओसरी संपली की संपतो, तसं हे चित्र दहा-पंधरा किलोमीटर गेलं की थकायचं. आणि मांजरसुंबा बीडपासून वीस किलोमीटर.

इथं मी तुम्हाला एक हिशेब मांडून दाखवतो. इन्सॅट-१बी विषुववृत्तावर, ७४ रेखांशाला, जमिनीपासून छत्तीस हजार किलोमीटर उंच. दिल्लीची बातमी छत्तीस हजार किलोमीटर वर गेली, छत्तीस हजार खाली आली, एकूण झाले बहात्तर हजार. (पुन्हा बहात्तर! आमच्या जिल्ह्याच्या पत्रिकेत हा आकडा वक्री आहे.) बहात्तर हजार किलोमीटर कुठंही न अडखळता बीडच्या तबकडीत बरोबर उतरली. राहिले वीस. त्या वीसात मध्ये घाट. तिथं बातमी बसली. दिल्लीहून निघालेल्या किती योजना मला माहीत आहेत, ज्यांचा प्रवास थेट या नकाशावरून झाला! आभाळापर्यंत सगळं सुरळीत, जिल्ह्यापर्यंत उत्तम, आणि शेवटच्या वीस किलोमीटरला मुंग्या.

मुंग्या हा शब्द नव्या पोरांना सांगावा लागेल. चित्र क्षीण असलं की पडद्यावर पांढरे-काळे ठिपके वळवळत. त्यांच्यामागे कोणीतरी हलत असे. तो माणूस आहे की बाई, बातम्या आहेत की कुस्ती, हे ज्याचं त्यानं ठरवायचं. मात्र आवाज यायचा. त्याचं शास्त्रीय कारण पुढे एका इंजिनिअर गिऱ्हाइकानं मला काउंटरवर उभ्या उभ्या सांगितलं, की चित्र एका पद्धतीच्या लहरींवर पाठवत आणि आवाज दुसऱ्या. आवाजाच्या लहरी जास्त चिवट. मागे रांग वाढत होती, पण मी त्यांना बोलू दिलं. लहानपणापासूनचं कोडं होतं.

तरी आमचं गाव घाटाच्या माथ्यावर, ही जमेची बाजू. खाली कपिलधारच्या दरीत मन्मथस्वामींच्या समाधीपाशी धबधबा उत्तम, पण टीव्हीच्या नावानं शून्य. माथ्यावर मात्र बांबू उंच केला तर काहीतरी हाती लागायचं. आमच्या काकांच्या माळवदावर वीस फुटी लोखंडी पाइप, त्यावर ॲल्युमिनियमच्या काड्यांचा अँटिना, तोंड उत्तरेला, बीडकडे. खाली चपटी वायर. मध्ये बूस्टर नावाची डबी. अँटिना फिरवणारा वर, टीव्हीपुढचा खाली, आणि या दोघांमध्ये संदेशवहनासाठी दारात उभा केलेला तिसरा. तिसरा मी. सबंध देशाची दळणवळण व्यवस्था उपग्रहावर गेली होती, शेवटचे वीस फूट माझ्या घशावर होते.

"आलं का रं?"

"येऊलालंय... येऊलालंय... आलं! आलं! थांबा काका, हात काढू नका!"

"हात काढला की?"

"जाऊलालंय!"

काकांनी हात लावून ठेवला की चित्र स्वच्छ, सोडला की मुंग्या. त्यामुळे आमच्या घरातला टीव्ही सगळ्यात चांगला दिसायचा तेव्हा तो ज्यानं विकत घेतला तो माणूस माळवदावर असायचा. आलेल्या शेजाऱ्यांना याचं काही वाटत नसे. एकजण तर दारातून येतानाच विचारायचे, "काका वर हैत ना? मग बसतो."

संच घ्यायचा म्हणजे पूर्वी पोस्टात वर्षाला पन्नास रुपये भरून परवाना काढावा लागे, हे आज सांगितलं तर खोटं वाटतं. ऐंशीच्या दशकाच्या मध्यावर तो रद्द झाला. आमच्या घरी संच आला तो त्यानंतर, त्यामुळे काका म्हणत, सरकारला कळलं होतं आपल्याकडे काय दिसणार आहे ते.

दिसायचं ते दिल्लीचं. ही या इतिहासातली मोठी गंमत. 'गजरा', 'आमची माती, आमची माणसं', 'चिमणराव', हे सगळं मुंबई केंद्राचं. पुण्याची मावसभावंडं सुट्टीत आली की त्यावर बोलायची आणि आम्ही मराठी माणसं मराठी कार्यक्रमांची वर्णनं परदेशच्या गोष्टी ऐकाव्यात तशी ऐकायचो. उपग्रहाला मराठी येत नव्हतं. मुंबईचे कार्यक्रम राज्यभरच्या मनोऱ्यांपर्यंत पोचायला बराच काळ गेला. मराठीची स्वतंत्र उपग्रह वाहिनी निघाली ती १५ ऑगस्ट १९९४ रोजी, आणि २००० साली तिचं नाव सह्याद्री झालं. सह्याद्री! आम्ही बालाघाटावर. पण ते असो.

आमच्या आजोबांची पंचाईत निराळीच. ते निजामाच्या शाळेत उर्दूतून शिकलेले. हैदराबादी धाटणीची हिंदी त्यांना आमच्यापेक्षा बरी. पण दिल्लीच्या बातम्यांतली हिंदी काशीहून स्नान करून आलेली. एक बातमीपत्र त्यांनी शेवटपर्यंत ऐकलं आणि मला विचारलं, "हे कुणाच्या लग्नाच्या मंगलाष्टका चालल्यात?" एकदा शेतीच्या कार्यक्रमात गव्हावरच्या रोगाची माहिती सांगत होते, अगदी मन लावून, चित्र दाखवून. समोर बसलेले सगळे ज्वारी-बाजरीवाले. एकानंही उठून जायचं मनात आणलं नाही. परक्याच्या पिकावरचा रोग बघण्यातही एक शांतता असते.

पण महाभारतानं सगळं भरून काढलं. २ ऑक्टोबर १९८८ पासून २४ जून १९९० पर्यंत, रविवारी सकाळी. त्याच्या आधीचं रामायण मी फार लहान असताना झालं, ते मला कुंकू लावलेल्या संचापुरतं आठवतं. महाभारताला मात्र मी दारातल्या पदावर कायम झालेला होतो. काकांच्या ओसरीत चाळीस-पन्नास माणसं. वीज जाण्याची भीती म्हणून ट्रॅक्टरची बॅटरी काढून शेजारी ठेवलेली. त्यामुळे रविवारी सकाळी आमच्या भागात नांगरट बंद. मुंग्या असल्या तरी सुरुवातीचा तो काळाचा धीरगंभीर आवाज, हरीश भिमाणींचा, स्वच्छ यायचा. आणि खरं सांगू? काळाला चेहरा नव्हताच, त्यामुळे तेवढा भाग आम्हाला मुंबई-पुण्याइतकाच चांगला दिसत असे.

आता बीड जिल्ह्याचं कॅलेंडर ज्यांना माहीत आहे त्यांना यातली अडचण लक्षात आली असेल. दिवाळी झाली की आमच्याकडची गावं रिकामी होतात. ऊसतोडीच्या टोळ्या निघतात: सांगली, कोल्हापूर, सातारा, कर्नाटक. मुकादमाची उचल घेतलेली असते, ती फेडायला नवरा-बायको जोडीनं जातात, कोयता खांद्यावर, लहान पोरं बैलगाडीत. मागे राहतात म्हातारी माणसं आणि शाळेची पोरं. परत येतात ती उन्हाळ्यात, कारखान्यांचा पट्टा पडल्यावर.

१९८९च्या दिवाळीनंतर टोळ्या गेल्या तेव्हा पांडव वनवासात होते. फडावर टीव्ही कुठला? पाचटाच्या कोप्या, पहाटे तीनला उठून तोड, रात्री गाडी भरायची. १९९०च्या एप्रिलच्या सुमारास टोळ्या परतल्या तर कुरुक्षेत्र ऐन भरात. रविवारी ओसरीत पुढच्या रांगेत ही मंडळी येऊन बसली. अंगावरच्या उसाच्या पात्यांच्या रेघा तशाच. मधलं सगळं राहिलेलं. मग त्यांची पोरं, जी आजीजवळ शाळेसाठी मागे राहिली होती, ती आईबापांना मधलं सांगू लागली. विराटाच्या घरी भीम स्वयंपाकी कसा झाला, अर्जुनानं बायकी वेश कसा घेतला, कृष्ण शिष्टाईला कसा गेला. माझ्या वर्गातला एक मुलगा होता, वाचायला उभा केला की घाम फुटायचा त्याला. त्यानं आईला सबंध सहा महिन्यांचं महाभारत तोंडपाठ सांगितलं, आवाज काढून. आई ऐकत होती. ऐकता ऐकता तिनं त्याचा सदरा उचलून पाठीवरून हात फिरवला, वाळला का भरला ते बघायला. मग म्हणाली, "आन् तू रे? तू काय खाल्लंस एवढे दिस?"

पांडवांना बारा वर्षं वनवास झाला आणि तेरावं अज्ञातवासात गेलं, तर व्यासांनी पर्वंच्या पर्वं लिहिली. आमच्याकडे तो दर साल सहा महिन्यांचा. पीजसारखं एखादं केंद्र बीडला असतं, तर त्यानं पहिला कार्यक्रम यावरच केला असता, उचल किती, तोड किती, फेड किती, याचा. पण आमच्या केंद्राला कॅमेराच नव्हता. दिल्लीचं मुंबईलाही न विचारता पुढे ढकलायचं, एवढंच त्याच्या हाती.

पुढे अंबाजोगाईला उच्चशक्ती केंद्र झालं. काकांनी अँटिनाचं तोंड उत्तरेचं पूर्वेला केलं, बूस्टर बदलला, आणि चित्र जरा माणसात आलं. तोवर नव्वदचं दशक निम्मं सरलं होतं आणि गावोगाव केबलवाला उगवला होता. माझं प्रामाणिक मत विचाराल, तर आमच्या भागातलं खरं लघुशक्ती केंद्र तेच. एक छत्री, एक खोली, खांबा-झाडांवरून टाकलेली काळी वायर. आमच्याकडच्या केबलवाल्यानं एक वाहिनी स्वतःसाठी ठेवलेली. तिच्यावर दुपारी सिनेमा, संध्याकाळी कोणाच्या तरी लग्नाची कॅसेट (आपण पंगतीत दिसतो का बघायला सगळं गाव बसायचं), कार्तिकी पौर्णिमेला कपिलधारची यात्रा. खाली पट्टी फिरायची: अमक्याच्या चिरंजीवास वाढदिवसाच्या शुभेच्छा, तमक्याची काळी गाय पाटोदा रस्त्याला हरवली आहे.

२००५च्या सुमारास हा गृहस्थ माझ्याच काउंटरला कर्ज मागायला आला. अर्जात व्यवसायाचा प्रकार लिहायचा असतो. शेती नव्हे, दुकान नव्हे, वाहन नव्हे. साहेब म्हणाले, सेवा लिहा. तारण काय? तो म्हणाला, "छत्री." साहेबांना वाटलं पावसाळ्याची. मंजुरी मिळाली, हप्तेही त्यानं वेळेवर फेडले. ज्यांची केबल तो बंद करू शकतो ते त्याचे पैसे बुडवत नाहीत, असा आमच्या वसुली विभागानं त्यातून धडा घेतला. पण अधिकार बँकेला वायर कापायचा नाही, त्यामुळे उपयोग झाला नाही.

२०१२-१३ साली पुन्हा दुष्काळ पडला. मोठा. गावोगाव टँकर. त्या उन्हाळ्यात त्याच्या पट्टीवरून वाढदिवस गेले आणि गाय गेली. पट्टी एकच फिरत राहायची: उद्या टँकर सकाळी येईल, उद्या दुपारी येईल, उद्या येणार नाही. वर काय चाललंय, कोणती मालिका, कोणता सिनेमा, याकडे बायकांचं लक्ष नसायचं. नजर खालच्या तीन बोटांवर. आपल्या गावाचं नाव आलं की कोणीतरी उठून हंडे मोजायला जायचं. पीजनंतर तीस-पस्तीस वर्षांनी, सरकारचा एक पैसा न लागता, पडद्यावर कोणीतरी आमच्या गावाला आमच्या गावाचं काहीतरी सांगत होतं.

तेही गेलं. केबल डिजिटल करायचा कायदा आला, २०१७च्या मार्चअखेर खेड्यांचीही पाळी झाली, घरोघर डबे बसले, आणि त्याची स्वतःची वाहिनी त्या डब्यात काही शिरली नाही. दूरदर्शनचे मनोरेही एकामागून एक शांत झाले. एके काळी देशात चौदाशेच्या वर प्रक्षेपक होते. मोफतची छत्री घरोघर गेल्यावर त्यांच्याकडे अँटिना वळवून बसणारं कोणी उरलं नाही. प्रसार भारतीनं ते टप्प्याटप्प्यानं बंद करत आणले, आणि २०२२च्या मार्चपर्यंत सीमेवरचे, बेटांवरचे असे पन्नासएक सोडून बाकीचे मिटवायचं ठरवलं. समारंभ नाही, भाषण नाही. मुंबई केंद्राची जुनी पाटी 'व्यत्यय' म्हणून यायची, तेवढीसुद्धा कोणी लावली नाही.

काकांच्या माळवदावरचा पाइप अजून आहे. भंगारवाला दोनदा येऊन गेला. काड्यांचे पैसे वेगळे, पाइपाचे वेगळे, असा त्यानं हिशेबही करून दाखवला. काकू ऐकत नाही. पाइपाला दोरी बांधून ती पलीकडच्या खुंट्याला नेलीय आणि उन्हाळ्यात तिथं कुरडयांवर साडी ताणते, चिमण्यांपासून. परवा गेलो होतो तेव्हा वारा सुटला आणि साडी पाइपापासून सुटायला लागली. काकू खालून ओरडली, "धर रे तेवढं!" मी वर जाऊन धरलं. काका आता पंच्याऐंशीचे आहेत, ऐकू कमी येतं. अंगणातल्या खाटेवरून त्यांनी वर पाहिलं, मी पाइप धरून उभा आहे असं त्यांना दिसलं, आणि त्यांनी मोठ्यानं विचारलं,

"आलं का रं?"